सोडल्याचा अर्ज

शाहपूर, १८ जानेवारी २०२४

काकू, नमस्कार.

वर 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं. मग वाटलं, तुम्ही म्हणाल, एवढी तीर्थरूप होते तर दिवाळीपासून तोंड शिवून का बसली होतीस? म्हणून नुसतं काकू.

फोन करून पाहिला. योगेंद्रदादांनी उचलला आणि "आई झोपली आहे" म्हणाले. भर सकाळी तुम्ही झोपता यावर माझा काडीचा विश्वास नाही. मग बुरहानपूरला तुमच्या शनवाऱ्याच्या दुकानात जाऊन काकांकडून नाशिकचा पत्ता घेतला. काकांनी कापडाच्या ठाणावरून नजर न काढता पत्ता सांगितला, पण निघताना "चहा घेऊन जा" म्हणाले. म्हणजे घराची दारं अगदीच लागलेली नाहीत असं मी धरून चालले आहे.

आणि पत्राची सवय तुमचीच. मंडळाने शिक्षणासाठी तुमच्या शीतलताईच्या नावाची मदत मला दिली तेव्हा बाकीच्या मुलींकडून गुणपत्रिका मागवल्या. तुम्ही म्हणालात, "मले नंबर नको. महिन्याले एक पत्र टाक, तिथं काय काय होतं ते सांग." तेव्हा मला हसू आलं होतं. नर्सिंग कॉलेजात काय होणार? चादरी घालायच्या आणि मॅडमचा ओरडा खायचा. पण तुम्ही प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचात, "हो, आमच्या शीतलनंही असंच सांगितलं होतं." म्हणून मी लिहीत गेले. दिवाळीपासून मात्र लिहिलं नाही, आणि ते का, हे तुम्हाला माझ्याऐवजी मंडळाच्या सेक्रेटरींकडून कळलं. तेही शीतलताईच्या तिथीला, भर पंगतीत.

मी कुमारिका म्हणून पाटावर बसले होते, तुम्ही कारल्याची भाजी वाढत होता आणि ते म्हणाले, "अहो, ही तर कॉलेजले जातच नाही! दिवाळीपासून गायब. कल ही फोन आला होता तिथून." तुमचा हात थांबला नाही, उलट आणखी एक फोड माझ्या पानात पडली. जेवण झाल्यावर तुम्ही नेहमीसारखं ड्रेसचं कापड माझ्या हातावर ठेवलंत आणि म्हणालात, "आता येत नको जाऊ, पोरी." तिसऱ्या दिवशी तुम्ही नाशिकला गेलात.

काकू, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आई मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरात दुसरी बाई नाही. आप्पा केळीच्या घडाला तळहातावर झेलतील, पण आईची कूस बदलायची म्हटलं की त्यांचे हात कापतात. पंधरा दिवस राहून जाईन म्हणून मी थांबले. ते पंधरा दिवस अजून चालू आहेत, एवढंच.

पण मी कॉलेज सोडलेलं नाही. माझी गादी आणि बादली अजून हॉस्टेलवर आहे. आई आता बरीच बरी आहे. येत्या सोमवारी मी इंदूरच्या गाडीत बसते आहे.

तुमची,
चारुलता

शाहपूर, ६ फेब्रुवारी २०२४

काकू,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. पण मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या, त्या तशाच नाशिकला तुमच्या घरात पडून राहिलेल्या मला आवडणार नाहीत.

आई बरी नाही. बसती झाली आहे, पण उभं करायला दोन माणसं लागतात. त्या सोमवारी मी गाडीत बसले नाही. आणि हॉस्टेलवर माझी जागाही आता राहिली नाही. माझ्या खोलीतल्या निशाचा फोन आला की वार्डन मॅडमनी माझा पलंग दुसऱ्या मुलीला दिला. गादी आणि बादली निशाने आपल्या पलंगाखाली सरकवली आहे. फोनवर ती रडत होती आणि मी तिला "अगं, बादलीच तर आहे" म्हणून समजावत होते.

मग मी हिंमत करून कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी रजिस्टर काढून सगळं सांगितलं. माझी हजेरी केव्हाच बुडाली, या वर्षी परीक्षेला बसता येणार नाही. ते मला कळत होतंच. पण माझं नाव अजून रजिस्टरात आहे, म्हणून कॉलेजने डिसेंबरात मंडळाकडे दुसरा हप्ता मागितला आणि मंडळाने भरला. शीतलताईच्या नावाचा पैसा, आणि मी इथे शाहपुरात. बाई म्हणाल्या, "महिनाअखेरीच्या आत कॉलेज सोडत असल्याचा अर्ज दे. मग त्यातला बराचसा पैसा ज्यांनी भरला त्यांना परत जाईल. नाही दिलास तर एक पैसा जाणार नाही, आणि तुझ्या नावापुढे पळाली म्हणून शेरा पडेल." मंडळाचा नियमही तसाच आहे, मी सेक्रेटरींना विचारलं. जी लेखी कळवून थांबते तिची मदत एक वर्ष राखून ठेवता येते, ज्या घराच्या नावाची मदत आहे त्या घराने हो म्हटलं तर. जी न सांगता बसते तिचं नाव कायमचं जातं.

म्हणजे कॉलेज सोडायचं तरी नीट सोडायला हवं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी समजत होते, अर्ज दिला नाही म्हणजे आपण अजून तिथेच आहोत.

आता तुम्ही विचाराल, मग दे की अर्ज. काकू, आप्पा देऊ देत नाहीत. पालकांची सही लागते. तुम्हाला आमचं घर माहीत आहे. आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, वाढवतात. आप्पा बागेतला शेवटचा घड उतरवतानाही 'संपला' म्हणत नाहीत. अशा माणसासमोर मी कागद धरला, "मी कॉलेज सोडत आहे." ते म्हणाले, "आपल्या हातानं असं लिहायचं नाही. लिहिलं की ते होतं." मी म्हटलं, आप्पा, ते होऊन तीन महिने झाले! तर म्हणाले, "होऊ दे. लिहायचं नाही." आई पलंगावरून त्यांचीच बाजू घेते. दोघांनाही शिकलेली मुलगी हवी आहे, भांडण तेवढ्यासाठीच चालू आहे, आणि माझं शिक्षण त्यांच्या या प्रेमातच बुडतं आहे. मी ताट आपटलं, रडले, दोन दिवस बोलले नाही. काही उपयोग झाला नाही.

हे सगळं तुम्ही सोडवावं म्हणून लिहीत नाही. मला दुसरंच लिहायचं होतं.

काल डॉक्टर आईला बघायला आले. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, पाठ पाहिली, टाचा पाहिल्या. म्हणाले, इतके दिवस पडून असलेल्या म्हातारीच्या पाठीला साधी लाली नाही, हे कोणी केलं? आईने माझ्याकडे बोट दाखवलं. तिला दर थोड्या वेळाने वळवायचं, टाच उशीवर अधांतरी ठेवायची, चादरीला एक चुणी राहू द्यायची नाही, हे सगळं मी पहिल्या वर्षात शिकले. पहिलं वर्ष तुम्ही शिकवलंत. डॉक्टर गेल्यावर मी मोरीत जाऊन रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं. माझी आई शाबूत आहे ती तुमच्यामुळे, काकू. पुढे काही होवो न होवो, हे झालेलं आहे. ते तुम्हाला कळलं पाहिजे असं मला फार वाटलं.

आणखीही आहे. पहिल्यांदा इंदूरला जाताना असीरगढच्या घाटात मला गाडी लागली आणि तुम्ही तुमच्या नव्या साडीच्या पदराने माझं तोंड पुसलंत. शीतलताईच्याच त्या कॉलेजच्या फाटकापर्यंत आलात, आत आला नाहीत. म्हणालात, "तू जाय, माझे गुडघे दुखतात." मला तेव्हा खरंच गुडघे वाटले. किती मंद मुलगी आहे मी.

जाता जाता, मला कारलं आवडत नाही. शीतलताईला आवडायचं म्हणून तुम्ही वाढायचात, मी गिळायचे. आता येऊ नकोस म्हणालाच आहात, तर सांगून टाकते.

चारू

शाहपूर, २३ फेब्रुवारी २०२४

काकू,

तुम्ही परवा आमच्या दारात उभ्या राहिलात तेव्हा मी नमस्कारसुद्धा केला नाही, नुसती बघत राहिले. आप्पा म्हणतात, "इतकी बडबडी पोरगी आणि पाहुण्याले बस म्हणाली नाही." तर आता म्हणते. बसा, काकू. फार बरं झालं आलात.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. तुम्ही मला चहाला पिटाळलंत आणि आप्पांशी बोललात. आमच्या चुलीची आणि पुढच्या खोलीची भिंत नावालाच आहे. मी सगळं ऐकलं. चहा उतू गेला तो त्यामुळे. तुमचं बोलणं मी इथे लिहून ठेवते, कारण उद्या आप्पा त्यात आपली भर घालतील.

तुम्ही म्हणालात, "भाऊ, तुम्ही सही कायले करत नाही ते मले समजतं. आम्हीबी नव्हती केली. शीतल सुट्टीत घरी आली अन् तापानं गेली. कॉलेजले कोन कळवनार? हे म्हणाले, मैं कैसे लिखूं? मी म्हटलं, नका लिहू. वरीसभर आमच्या पोरीचं नाव हजेरीत राहिलं. मग तिथून कागद आला, तुमची मुलगी सतत गैरहजर आहे, तिले समज द्या. समज द्या, भाऊ! तो कागद घेऊन मी दिवसभर बसली. संध्याकाळी लिहिलं, माझी मुलगी कुमारी शीतल हिचं नाव कमी करावं, ती कॉलेज सोडत आहे. कारण लिहायची जागा होती तिथं काही लिहिलं नाही."

आईच्या पलंगाचा आवाज आला, ती बहुतेक उठून बसायला बघत होती.

मग तुम्ही म्हणालात, "मंग तिथून तिचे पुढचे भरलेले पैसे परत आले. ते पैसे घरात ठेववेनात. बँकेत ठेववेनात. मी म्हटलं, हे मंडळाले द्या, एखाद्या पोरीले नर्सिंगले घाला. तिथून ही मदत सुरू झाली. तुमची चारू शिकली ती मी तो अर्ज लिहिला म्हणून शिकली. नसता लिहिला तर माझी पोरगी आजबी त्यांच्या कागदात गैरहजरच असती. तुमची तर समोर उभी आहे, भाऊ. तिले नीट सोडू द्या, म्हणजे नीट जाता येईल."

काकू, मी दोन वर्षं तो पैसा खाल्ला, त्यावर पुस्तकं घेतली, आणि मला ठाऊक नव्हतं की तो कुठून आला. मला वाटायचं, काकांचं दुकान चालतं, त्यातलं देत असतील. तिथीला मी तुमच्याकडे पाटावर बसायचे तेव्हा मनात असायचं की लवकर आटपलं तर शेवटची बस मिळेल. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो. तुम्ही माझ्यावर का रागावलात तेही आत्ता कळलं. मी तुमच्या डोळ्यांदेखत त्याच दुसऱ्या वर्षात, तशीच, न कळवता गैरहजर झाले.

तुम्ही गेल्यावर आप्पांनी मला हाक मारली. म्हणाले, "वहीचं पान नको, कोरा कागद आण." मग म्हणाले, वर 'श्री' लिही. मी म्हटलं, आप्पा, हा सोडल्याचा अर्ज आहे. "मग काय झालं? लिही." मी 'श्री' लिहिला. अर्ज लिहून झाला, त्यांनी सही केली, आणि आत जाऊन हळदकुंकवाची वाटी घेऊन आले. लग्नाच्या पत्रिकेला लावतात तसं चारी कोपऱ्यांना बोटं लावली. आई म्हणाली, अक्षता पण टाका! मग मात्र मी हसत सुटले आणि माझ्यामागून ती दोघंही.

आज पहाटेच्या गाडीने जाऊन तो अर्ज कॉलेजात देऊन आले. ऑफिसातल्या बाईंनी तो हातात घेतला, वळवून पाहिला आणि विचारलं, "यह शादी का कार्ड है क्या?" मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडे असंच असतं. त्यांनी शिक्का मारला, पोच दिली. निशाकडून गादी आणि बादली घेतली. आईजवळ दिवसभर शेजारच्या भागाबाई बसल्या होत्या. परतताना गाडीत मांडीवर बादली घेऊन बसले होते आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मला झोप लागली.

आता मी कॉलेज सोडलेली मुलगी आहे, लेखी. तुमचे उपकार कसे मानायचे ते मला येत नाही. तुम्ही सत्तरीला टेकलेल्या, गुडघे खरोखरच दुखणाऱ्या, नाशिकहून आलात, आमच्या पडक्या बाकड्यावर बसलात आणि जी गोष्ट तुम्ही कुणाला सांगत नाही ती माझ्या अडाणी आईबापाला सांगितलीत. मला ते कधीही विसरता येणार नाही.

तुमची,
चारू

शाहपूर, ११ एप्रिल २०२४

काकू,

आई काठी घेऊन अंगणापर्यंत चालते. अंगणातून भागाबाईंना हाका मारते आणि दोघी उन्हात बसून माझ्या लग्नाचं बोलतात. म्हणजे तब्येत सुधारली.

कॉलेजने पैसे मंडळाला परत केले, हे सेक्रेटरींनी स्वतः येऊन सांगितलं. आता आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्याच दिवशी, मंडळाची सभा आहे, तेव्हा या वर्षीच्या मदती ठरतील. तेच म्हणाले की शीतलताईच्या नावाला दोघी आहेत. मी, आणि भागाबाईंची नात अमृता. तिला या वर्षी पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यायचा आहे. एका नावाला एकच मुलगी घेतात, आणि कोणती ते तुम्ही सांगायचं.

मी लिहायला घेतलं होतं, 'काकू, अमृताला द्या, मी घरी आहेच.' चार ओळी छान जमल्या होत्या. मग वाचून पाहिलं आणि फाडलं, कारण ते खरं नव्हतं. मला हवी आहे. आप्पांच्या बागेत घर चालतं, इंदूरचं कॉलेज चालत नाही. मदत मिळाली तर मी जुलैत दुसऱ्या वर्षात परत बसू शकते. या वर्षी नाही गेले तर जागा राहत नाही आणि नवा प्रवेश पहिल्यापासून घ्यावा लागतो, म्हणजे मी संपलेच. पाहा, आप्पांनी हा शब्द वाचला तर पुन्हा हळदकुंकू लावतील.

आणि अमृता रोज संध्याकाळी आमच्याकडे येते. मी अर्ज द्यायला गेले त्या दिवशी भागाबाई आईचं सगळं करत होत्या तेव्हा हिने आमच्या घरचा स्वयंपाक केला होता. आता मला विचारते, "ताई, शरीरशास्त्र खूप हार्ड असतं का?" परवा मी तिच्यावर उगीचच खेकसले. ती गेल्यावर मला माझीच लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी तिला माझी पहिल्या वर्षाची पुस्तकं दाखवली. दाखवली, दिली नाहीत. इतकी काही मी चांगली नाही.

तुम्ही जे ठरवाल ते मी मानेन. मला वाईट वाटणार नाही असं मात्र म्हणत नाही. तुम्ही अमृताचं नाव घेतलंत तरी मी तुमची ऋणीच आहे, कारण मला जे मिळालं ते आईच्या पाठीवर रोज दिसतं.

चारू

शाहपूर, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी

काकू!

तुम्ही सभेतून परस्पर गाडी गाठलीत, मला तोंड दाखवायला थांबला नाहीत. आप्पा सभेहून रात्री आले आणि आधी शांतपणे हातपाय धुतले, मग पाणी प्यायले, मग आईला विचारलं, "पुरणपोळी उरली का?" मी दाराशी जीव मुठीत घेऊन उभी! त्यांना मुद्दाम छळायचं होतं. शेवटी म्हणाले, "जुलैले बादली घेऊन जाय."

मग हळूहळू सगळं सांगितलं. कुणीतरी म्हणालं की जी एकदा गेली ती परतही जाईल, तिच्यावर पुन्हा पैसा का घालायचा. तेव्हा तुम्ही उभ्या राहिलात. आप्पांनी तुमची नक्कल करून दाखवली, कमरेवर हात ठेवून. "ती गेली नाही. तिनं लेखी सांगितलं, मी थांबते. थांबलेल्या मानसाची जागा आपन राखतो का नाही? एस्टीत रुमाल टाकतो, मग?" सगळे हसले आणि तुमचं ऐकलं.

अमृताचं जे केलंत ते तर मला झोपताना कळलं, आणि मग मी झोपले नाही. माझ्या अर्जामुळे कॉलेजने जे परत दिलं, त्यात तिचं पहिल्या वर्षाचं अर्धं बसतं आणि उरलेलं मंडळ बघेल, असं तुम्ही ठरवून घेतलंत. आप्पा म्हणाले, तुम्ही एवढंच बोललात, "परत आलेला पैसा घरात ठेवायचा नसतो." सभेत कुणाला त्याचा अर्थ कळला नसेल. आप्पांना कळला. सांगताना ते खाली बघत होते.

सकाळी मी पुस्तकं पिशवीत भरली आणि भागाबाईंच्या घरी जाऊन अमृताला दिली. या वेळी दिली. ती माझ्या गळ्यात पडली, आणि तिची आजी मला म्हणाली, आता तरी जेवून जा. मी त्यांच्याकडे दोनदा जेवले, इतकी भूक लागली होती.

काकू, मला आभार मानायची रीत येत नाही. आमच्याकडे आभार मानले की माणूस परका होतो म्हणतात, त्यामुळे लहानपणापासून कुणी शिकवलंच नाही. पण मी मानते. मी तुमचे खूप खूप आभार मानते. आप्पा-आईही मानतात, ती बोलणार नाहीत. आप्पांनी बागेतला एक चांगला घड योगेंद्रदादांकडे नाशिकला पाठवायचं ठरवलं आहे, एवढं करून ती त्यांच्या परीने बोलली असं समजा.

तुमची,
चारू

इंदूर, १९ ऑगस्ट २०२५

काकू,

गेल्या आठवड्यात तिसरं वर्ष सुरू झालं.

वर्षभर मी एक गोष्ट तुम्हाला बोलले नाही. दुसऱ्या वर्षात परत येऊन बसले तेव्हापासून मला भीती वाटत होती. घरून फोन आला की हातातलं काम टाकून धावायचे. आप्पांना ठसका लागला तरी मी विचारायचे, नक्की ठसकाच ना? परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ताप आला तर कुणाला न सांगता गोळ्या घेऊन वॉर्डात गेले, मॅडमनी पकडून झोपवलं. हे वर्ष तेवढं पार होऊ दे, एवढंच म्हणत होते. माझ्यासाठी म्हणत होते, आणि तुमच्यासाठीही. निकाल लागला तेव्हा मी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही नुसतं "हं" म्हणून फोन काकांकडे दिलात. काका म्हणाले, "तिला बोलवेना, तू राग मानू नको." मी कशाला राग मानू? मलाही बोलवत नव्हतं.

अमृता आता खालच्या मजल्यावर असते. तिची चादर अजून तिरकी येते आणि ती मला उलट उत्तर देते, म्हणजे तिचं बरं चाललं आहे.

आता मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते कसं सांगावं कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. आजवर मी काही लिहिलं की तुम्ही कळवायचात, हो, आमच्या शीतलनंही सांगितलं होतं. हाडांच्या सापळ्याची भीती, पहिलं इंजेक्शन, रात्रीचा वॉर्ड, सगळं तुम्हाला आधीच माहीत असायचं. मला ते आवडायचं. या वेळी तसं उत्तर येणार नाही. इथून पुढचं शीतलताईने तुम्हाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या वर्षात बाळंतपणाच्या वॉर्डात ड्यूटी लागते. काल दुपारी मॅडमच्या शेजारी मी उभी होते आणि त्यांनी अचानक म्हटलं, "हाथ आगे कर." बाळ माझ्या हातात आलं. मुलगी होती. काकू, त्या क्षणी बाळ फार निसरडं असतं आणि दिसतं त्यापेक्षा जड असतं. दोन्ही हातांनी धरलं तरी वाटतं, निसटेल. मी श्वास रोखून धरला होता. ते रडलं तेव्हा मी सोडला. मग पुसलं, दुपट्यात गुंडाळलं आणि तिच्या आईला दिलं. आईने घेतलं तेव्हा ते कोरडं होतं, गप्प होतं. तिला कळलंही नाही की आधी ते कसं होतं.

तुमच्या हातात शीतलताई दिली तेव्हा तीही अशीच पुसून, गुंडाळून दिली असेल. त्याच्या आधी बुरहानपुरात कुणीतरी एका नर्सने तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं असेल, श्वास रोखून.

हे मला काल कळलं. हे तुम्हाला शीतलताईनेच सांगायचं होतं, ती तिसऱ्या वर्षात गेली असती तेव्हा. म्हणून मी लगेच लिहायला बसले.

तुमची,
चारू